पंगत, टेबल आणि ‘आप’

संध्याकाळ झाली की नंदुरबारात चायनीजच्या गाड्यांवर भट्ट्या पेटतात. उभा चिरलेला कोबी, गाजर, सिमला मिरची, उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स आणि स्टीलच्या डब्यात शेजवानची लालभडक चटणी. या गावाला त्या लाल रंगाचे अप्रूप नाही. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते आणि वाऱ्याबरोबर तिचा ठसका रस्त्यावरच्या माणसाला लागतो. सुकी लाल मिरची आणि लसूण हाच त्या चटणीचा प्राण. म्हणून चीनमधल्या एका प्रांताचे नाव घेऊन आलेली ही चव इथे परकी वाटली नाही.

गाडीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कॉलेजची मुले असतात, बाजाराला आलेले अक्कलकुवा-धडगावकडचे दोघे-तिघे असतात, दिवसभर थान उलगडून दमलेला कापड दुकानातला माणूस असतो. एकाला ट्रिपल शेजवान हवे, दुसऱ्याला चायनीज भेळ, तिसऱ्याला कांदा-लसूण चालत नाही म्हणून जैन मंचुरियन. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही.

हे न विचारणे महाराष्ट्रात सहज आलेले नाही. त्यासाठी जे भांडण झाले ते मुळात धर्माचे भांडण होते, आणि ते अजून संपलेले नाही.

जेवणाविषयी धर्मग्रंथ काय म्हणतात ते आधी पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आहेत. कडू, आंबट, खारट, अति उष्ण, तिखट, कोरडे आणि दाह करणारे अन्न राजस माणसाला आवडते, असे तिथे सांगितले आहे. या मापाने शेजवान चटणी राजस ठरते, आणि खानदेशी शेवभाजीही तिच्या जोडीला जाऊन बसते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशातला एक तालुका होता आणि धुळे हे जिल्ह्याचे ठाणे; स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. सतराव्या अध्यायाच्या प्रवचनात विनोबा आहारशुद्धीपाशी आवर्जून थांबतात. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय सांगतो की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. जिभेच्या सुखाला बंदी नाही, प्रमाण सांभाळा, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न इथेच संपला असता तर वैद्याच्या सल्ल्यावर काम भागले असते.

मराठी समाजाने मात्र ताटात काय आहे यापेक्षा ताटाशेजारी कोण आहे याचीच चिंता जास्त वाहिली. पंगत हा शब्दच पाहा. पंगतीला बसवणे म्हणजे आपल्यात घेणे, पंगतीतून उठवणे म्हणजे वाळीत टाकणे. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले म्हणून एकनाथांवर पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष झाल्याची कथा महाराष्ट्र शतकानुशतके सांगत आला, वारकरी एकमेकांच्या मुखी गोपाळकाला घालत आले, आणि घरी परतल्यावर पंगती जशा होत्या तशाच मांडल्या जात राहिल्या.

4 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हाती धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी नेमली गेली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 मध्ये ते घेतले, तेव्हा त्यांना मानणारे सुधारक कष्टी झाले. देशातल्या उत्तमोत्तम बुद्धीची दोन वर्षे दुपारच्या एका कपापायी खर्च झाली. चहा सात्त्विक की राजस, हे या सगळ्यात कुणीही विचारले नाही. कप कुणाच्या हातचा, एवढेच विचारले गेले.

त्यानंतर तीसेक वर्षांत कोल्हापुरात घडलेली गोष्ट याहून मोठी आहे. संस्थानच्या तबेल्यात नोकरीला असलेले गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाला हात लावल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले, मदत दिली आणि कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’. महारांच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, तिथे थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले.

या गोष्टीत शाहूंचा मोठेपणा सगळ्यांना दिसतो. त्यातला बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. महाराजांना कांबळे यांना राजवाड्यावर जेवायला बोलावता आले असते. पण ती राजाची मेहेरबानी झाली असती, आणि मेहेरबानी दुसऱ्या दिवशी काढून घेता येते. त्यांनी गिऱ्हाईक होणे पसंत केले. गिऱ्हाईक दाराशी येतो, मागतो, घेतो, दाम मोजतो. त्या घटकेला दुकानदार मालक असतो आणि राजा त्याच्यापुढे मागणारा असतो. अन्न विकणे हे जुन्या धर्मशास्त्राला हलके वाटे, अन्न द्यावे ते दान म्हणून. पण दानात देणारा वरच्या पायरीवर राहतो. हॉटेलात दाम मोजणारा आणि घेणारा घटकाभर तरी एका पायरीवर येतात. अन्नदानाचा एवढा गौरव करणाऱ्या संस्कृतीला जे जमले नाही, ते चहाच्या दुकानाने बऱ्याच अंशी करून दाखवले. हे मान्य करायला श्रद्धाळू माणसालाही संकोच वाटू नये.

अर्थात हॉटेलही आपोआप सुधारले नाही. गावोगाव चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळे कप ठेवले जात, आणि पिणाऱ्याने तो स्वतः विसळून ठेवायचा असे. रत्नागिरीत 1933 साली सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह उघडले. पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घालून पूजेलाच सहभोजनाची जोड दिली. शेवटी राज्यघटनेला हा विषय हाती घ्यावा लागला. 15 व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, ही गोष्ट कायद्याचे पुस्तक न वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. देशाचा पायाभूत कायदा लिहिताना घटनाकारांना हॉटेलातले बाकडे महत्त्वाचे वाटले होते.

याच काळात नंदुरबारच्या मातीत एक वेगळेच उत्तर शोधले जात होते. 1930 च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवड-रंजनपूर इथे गुलाम महाराज या आदिवासी संताभोवती लोक जमू लागले. दारू सोडा, मांसाहार सोडा, रोज अंघोळ करा, आरतीला या, अशी शिकवण. आणि त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे एकमेकांना ‘आप’ म्हणा. त्यावरून त्या पंथाचे नावच आप पडले. गुलाम महाराज 1938 मध्ये गेले, त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. ज्या माणसांना सावकार, पोलीस, जंगल खात्याचा शिपाई आणि दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या ‘ए’ आणि ‘तू’ म्हणत होते, त्यांनी एकमेकांना आदरार्थी हाक मारायची, हे व्रत म्हणून सांगितले गेले. सोवळ्यात काय खावे याचे नियम अनेक धर्मांनी केले आहेत. समोरच्याला कसे संबोधावे हा शुद्धीचा नियम करणारे थोडेच.

चांगल्या हॉटेलात जेवण्याचा आनंद कशात आहे, याचे उत्तर या ‘आप’मध्ये सापडते. मुंबईचे ताजमहाल हॉटेल 1903 मध्ये सुरू झाले. तिथल्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून दुपारचा चहा घेणे हा मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांचा सोहळा आहे. चहा तोच, साखर तीच. पण पांढरा टेबलक्लॉथ, किटलीतून हलक्या हाताने ओतली जाणारी धार, ‘आणखी काही आणू का’ हा मंद आवाज, यांतून बसलेल्या माणसाला आपली किंमत जाणवते. त्याच हॉटेलात 1973 मध्ये गोल्डन ड्रॅगन उघडले आणि सेचुआनची, म्हणजे आपल्या शेजवानची, तिखट चव बड्या लोकांच्या टेबलावर आली. दोनच वर्षांनी मुंबईतच नेल्सन वांग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि चिकन मंचुरियन जन्माला आले, असे ते स्वतः सांगत. बड्या लोकांसाठी रांधलेली ही चव पुढे खाली उतरत उतरत नंदुरबारच्या गाडीपर्यंत पोहोचली. मराठीत ‘हॉटेल’ हा एकच शब्द ताजलाही चालतो आणि दोन बाकांच्या चहाच्या दुकानालाही. भाषेने तेवढी समता आधीच करून ठेवली आहे.

सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली, आश्रमशाळेत शिकलेली, आता नोकरीला लागलेली मुलगी पहिल्या पगाराला आईला एसी हॉटेलात नेते आणि वाढपी आईला ‘ताई, काय घेणार?’ असे विचारतो. त्या क्षणाला चैन म्हणून हिणवणे हा अधर्म आहे. त्या आईला जो मान मिळाला तो तिच्या आजीला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

पण याच जिल्ह्याची दुसरी बाजू झाकून हे लिहिणे खोटे होईल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबारातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. मग इथे बसून चवीने खावे का? गीतेचा तिसरा अध्याय फक्त स्वतःपुरते शिजवणाऱ्याला पाप खाणारा म्हणतो. तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ब्रह्म मानते, अन्नाची निंदा करू नका, अन्न भरपूर पिकवा आणि दारी आलेल्याला परत पाठवू नका असे बजावते. सातपुड्यातल्या आदिवासींची याहा मोगी ही दुष्काळात धान्य वाटणारी आई आहे, आणि नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय, नवाई केल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही रीत आजही पाळली जाते. उपनिषद आणि याहा मोगी यांच्यात कुठेही अन्नाचा तिटकारा नाही. दोन्हीकडे अन्नाचा उत्सव आहे, आणि त्यात दुसऱ्याचा वाटा आधी धरलेला आहे. म्हणून पश्चात्तापाने अर्धे ताट टाकून उठणे निरुपयोगी. पाड्यावरच्या अंगणवाडीत पोषण आहार वेळेवर पोहोचतो का, हे पाहणे उपयोगी.

हॉटेलातल्या टेबलाचाही स्वतःचा पंक्तिभेद आहे. जातीची जागा दरपत्रकाने घेतली. शिवाय एक माणूस असा आहे, ज्याला या पंगतीत अजून बसवलेलेच नाही. तो टेबलाशेजारीच उभा असतो. ‘ए पोऱ्या, फडका मार’ ही हाक महाराष्ट्रातल्या हॉटेलांत वर्षानुवर्षे घुमत आली. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्यावर बंदी आली. पोऱ्या मोठा झाला, तरी हाक बऱ्याच ठिकाणी तीच राहिली. चहाच्या पानामागेही असेच हात आहेत. चीनच्या ‘चा’पासून आलेला हा चहा आसामात पिकू लागला तेव्हा मळ्यांवर राबायला छोटा नागपूरच्या पठारावरून मुंडा, उरांव, संथाळ नेले गेले. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही ती पाने खुडतात. सी लाउंजमधल्या किटलीत आणि नंदुरबार स्टेशनबाहेरच्या काचेच्या ग्लासात दोन्हीकडे आदिवासींचे श्रम उतरलेले असतात.

तेव्हा हॉटेलात जाऊन आनंदाने जेवावे, चवीने जेवावे, दुपारचा चहा हवा तितका वेळ घोटाघोटाने प्यावा. त्यात धर्म बुडत नाही. तो बुडतो, वाढणाऱ्याला ‘ए’ म्हटल्यावर, आणि दिवसभर इतरांना मंचुरियन वाढणाऱ्याने रात्री भट्टीमागे उकिडवे बसून उरलेला भात खाल्ल्यावर.

नंदुरबारच्या हॉटेलमालकांना म्हणून एक विनंती. रात्री शेवटचे गिऱ्हाईक उठले की शटर अर्धे ओढा, दिवे चालू ठेवा, आणि आचारी, वाढपी, भांडी घासणारी बाई यांना त्याच टेबलांवर, त्याच ताटांत, गरम जेवायला बसवा. एखाद्या दिवशी वाढायला स्वतः उभे राहा. आणि वाढताना त्यांना ‘आप’ म्हणा. हा शब्द तुमच्याच जिल्ह्याने दिला आहे.