मान आणि मान

गळ्यावरून वस्तरा फिरत असताना माणूस बोलत नाही. थुंकीचा घोटसुद्धा गिळत नाही. चावडीत बोलला की वेशीपर्यंत ऐकू जायचं असा गडी, पण वारकानं दोन बोटांनी हनुवटी वर उचलली की गपगार. डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि गळ्याची शीर उघडी. गावातल्या कुणालाच आपण एवढे जवळ येऊ देत नाही. भावाला नाही, व्याह्याला नाही. वाटणीच्या बांधावरून जे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, ते दोघंही आठ दिवसांनी त्याच एका हाताखाली मान देऊन बसायचे. मराठीत विश्वासघाताला ‘केसानं गळा कापणं’ म्हणतात. ज्याच्या हातात खरंच केस, गळा आणि धार तिन्ही असायचं, त्यानं कुणाचा घात केल्याचं आमच्या पंचक्रोशीत कधी ऐकलं नाही.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. आमचा वारीकमामा काखेत धोकटी मारून दारोदार यायचा. धोकटीत दोन वस्तरे, कातर, कंगवा, नखं काढायची नराणी, धार लावायची पथरी, चामड्याचा पट्टा, पितळेची वाटी आणि तुरटीचा खडा. लिंबाखाली पोतं टाकायचं, समोर उकिडवं बसायचं आणि गिऱ्हाइकाचं डोकं दोन गुडघ्यांत धरायचं. आम्हां पोरांना त्या गुडघ्यांतून सुटका नव्हती.

दाढीपेक्षा मानेचं काम अवघड. मानेवरचे केस एका दिशेनं वाढत नाहीत. एका अंगाला ते खाली उतरतात, दुसऱ्या अंगाला आडवे पडतात, कुणाकुणाला मधेच भोवरा असतो. पाण्यानं लव भिजवून, आधी बोटानं चाचपून हे ओळखावं लागतं. मग डाव्या अंगठ्यानं कातडी ताणायची, वस्तरा जवळजवळ आडवा ठेवायचा आणि दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचं वजनच पुरतं. कातडी सैल राहिली की धार रुतते. मान आखडली तरी रुतते. म्हणून कातडी ताणायची त्यानं, आणि मान सैल सोडायची आपण. “मान सैल सोड, बाळा. लाकूड नको करू,” तो म्हणायचा. एकानं ताणायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं, तेव्हा कुठं रक्ताचा थेंब न काढता मान साफ होते.

आता या माणसाला गाव काय द्यायचं ते सांगतो. सुगीला खळ्यावर बलुतं. ज्वारीचा वाटा, तोही कुणब्याच्या मनाला येईल तेवढा. लग्नात नवरदेवाची हजामत आणि वर दहा कामं त्याच्याच गळ्यात. जेवायची पंगत शेवटची. माझा आजा आणि वारीकमामा एका वयाचे, पण आजा त्याला एकेरी नावानं हाक मारायचा आणि तो आजाला ‘मालक’ म्हणायचा. ओट्यावर आजा बसलेला असला तर वारीकमामा पायरीवर बसायचा. वस्तरा हातात असेपर्यंत आज्याची मान त्याच्यापुढं खाली. वस्तरा धोकटीत गेला की त्याची मान आज्यापुढं खाली.

आपल्या भाषेत ‘ती मान’ आणि ‘तो मान’ यांत एका लिंगाचाच फरक. गावानं पहिली त्याच्या हवाली केली, दुसरा मात्र दिला नाही. मग त्या विश्वासाला विश्वास म्हणायचं का? मला पुष्कळदा वाटतं, तो निम्मा विश्वास आणि निम्मी खात्री होती. हा माणूस जाणार कुठं? घर गावाचं, पोट खळ्यावर. ज्याला आपण असं बांधून ठेवलंय त्याच्यापुढं गळा उघडा करायला फार धाडस लागत नाही.

आणि हा वस्तरा सगळ्यांसाठी नव्हता. वेशीबाहेरच्या वस्तीत वारीकमामा जात नव्हता. तिथली माणसं आपापसांत एकमेकांची हजामत करायची. तो का जात नाही, हे पोरपणी कुणी विचारत नसे. पुढं त्यानंच एकदा बापाला सांगितलेलं मी ऐकलं, “त्यांची केली तर तुम्ही माझ्या म्होरं बसचाल का? दुसऱ्या दिशी खळं बंद.” म्हणजे नकार त्याच्या हाताचा होता, पण हुकूम गावाचा होता. त्यानं तो मोडला नाही एवढं मात्र त्याचं स्वतःचं.

मोडणारेही होऊन गेले. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बाईचं डोकं भादरायची रीत होती, आणि त्यासाठी वस्तरा लागायचा तो न्हाव्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत नाभिक मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी मोठ्या घरांना दिलेला हा नकार होता. बाईनं ‘नको’ म्हटलेलं कुणी ऐकत नव्हतं. तिच्या वतीनं धारेनं ‘नाही’ म्हटलं.

धंदा तोच, हत्यार तेच, आणि नकारही दोन्हीकडं नकारच. मग एक खाली मान घालायला लावतो आणि दुसरा मान ताठ करायला लावतो, असं का? मला सुचतं ते एवढंच, की हात थांबला तो कुणासाठी, हे पाहावं. वस्तीवर जायला थांबलेला हात बलवंताची रीत राखत होता. विधवेच्या डोक्यावर न उतरलेला हात तिच्यासाठी थांबला होता, आणि त्याची किंमत तो स्वतः मोजत होता. ज्या नकाराची झळ नकार देणाऱ्याला लागत नाही, तो नकार तपासून घ्यावा.

देशाला हे कायद्यानं लिहावं लागलं. १९४८च्या नोव्हेंबरात घटना समितीत प्रश्न निघाला, की दुकानात सगळ्यांना मोकळीक म्हणजे न्हाव्याच्या, धोब्याच्या दुकानातही का? ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा, त्यात सेवाही आली, असा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १९५० साली घटना लागू झाली आणि सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. १९५५च्या कायद्यानं अस्पृश्यतेपायी सेवा नाकारणं गुन्हा ठरला. गावातला लिंब मात्र पुढंही कितीतरी वर्षं तसाच राहिला.

वस्तीवरचा माझा एक वर्गमित्र औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद कॉलेजात शिकायला गेला. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं ते कॉलेज. पहिल्या महिन्यात तो शहरातल्या एका सलूनमध्ये खुर्चीवर बसला. आयुष्यातली पहिली खुर्ची. तो मला म्हणाला, “वस्तऱ्याचं भ्या नव्हतं रे. गळ्यावर वस्तरा ठेवून त्यानं गाव इचारलं, तवा घाम फुटला.” त्यानं गाव सांगितलं. कारागिरानं पुढचा प्रश्न विचारला, “मिशी ठेवायची का?” एवढंच. मित्र सांगायचा, त्या दिवशी बाहेर पडल्यावर तो उगाचच मानेवरून हात फिरवत नागसेनवनापर्यंत चालत गेला.

शहरानं हे एक काम चोख केलं. पैसे द्या, खुर्चीत बसा. तिथं बलुतं नाही, म्हणून मेहेरबानीही नाही. शहागंज, गुलमंडीकडं हिंदू कारागिराच्या खुर्चीत मुसलमान आणि मुसलमान कारागिराच्या खुर्चीत हिंदू बसलेला मी वर्षानुवर्षं पाहतोय. या शहरानं दंगली पाहिल्यात, संचारबंदी पाहिलीय. संचारबंदी उठली की दाढी वाढलेली माणसं आपल्या नेहमीच्या खुर्चीकडं वळायची, आणि पुन्हा गळा वर करून डोळे मिटायची. शांतता कमिटीच्या बैठकीत कोण काय बोललं ते लोक विसरतात. पण आपल्या मानेला ओळखणारा हात कुणी सहजी बदलत नाही.

आता वस्तऱ्यात अर्धं पान घालतात, दर गिऱ्हाइकाला नवं. एड्सची भीती आली तेव्हापासून ही रीत पक्की झाली, आणि चांगलीच झाली. पुडी फोडताना आपण डोळ्यांनी पाहतो आणि निर्धास्त होतो. पान नवं आहे याची खात्री करतो, पण ते धरणाऱ्याचं नाव विचारत नाही. गावात नाव ठाऊक होतं आणि मान नव्हता. शहरात हेटाळणी गेली, आणि पुष्कळदा नावही गेलं. दिवसाचे दहा-बारा तास तो उभा असतो, पायाच्या शिरा फुगतात, आणि आपण आरशात फक्त स्वतःकडं बघतो.

गळा उघडा करून बसणं म्हणजे विश्वास, हे अर्धंच खरं. तो तर भित्रा माणूसही ठेवतो, गरजेपोटी. वस्तरा बाजूला ठेवल्यावर आपण त्या माणसाशी कसं वागतो, तिथं उरलेलं अर्धं कळतं. ओट्यावर शेजारी बसायला सांगतो का, पोराच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढतो का, त्यानं एखाद्या कामाला ‘नाही’ म्हटलं तर कारण ऐकून घेतो का. माझा आजा ज्या वयाच्या माणसाला ‘अरे’ म्हणायचा, त्याला मी ‘अहो’ म्हणतो. तीन पिढ्यांचं देणं तेवढ्यानं फिटत नाही, हे कळतं. पण ज्याच्या हाती ती मान दिली, त्याला तो मान द्यायला दुसरी सुरुवात मला तरी ठाऊक नाही.