पहिला शब्द हाताने

घाई नसलेली एखादी वेळ निवडा. सिमएच हा एम्युलेटर उघडून त्यातला पीडीपी-8 सुरू करा. पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारी एक छोटी खूण येईल, बाकी काही नाही. लगेच काही टाइप करू नका. आपण कोणत्या यंत्रापुढे बसलो आहोत, ते आधी मनात येऊ द्या.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने हा मिनिकॉम्प्युटर 1965 मध्ये विक्रीला आणला. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावात, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत या कंपनीचं बिऱ्हाड होतं. किंमत 18,000 डॉलर, आणि तेव्हा ती स्वस्त वाटली. 12 बिटांचा एक शब्द, आणि असे 4096 शब्द, एवढीच मेमरी. मूळ सूचना आठ. हे आकडे सावकाश मनात घोळवा. एका माणसाला कानाकोपऱ्यासकट ओळखता येईल एवढंच हे यंत्र आहे. मला त्याचा लळा आहे तो त्यामुळे.

या यंत्रावर आपल्याला फोरट्रानचा कम्पायलर चढवायचा आहे. तो कागदी फितीवर, भोकांच्या रूपात आहे. फीत वाचायचं साधन जोडलेलं आहे. पण फीत कशी वाचायची, हे यंत्राला माहीत नाही. ते सांगणारा प्रोग्रामही फितीवरच. इथे थांबा. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पुरता जाणवेपर्यंत थांबा.

एम्युलेटरमध्ये पळवाट आहे. ‘लोड’ म्हटलं की फाइल थेट मेमरीत जाते. आज ती वापरू नका. खऱ्या यंत्रापुढे बसलेला माणूस 12 स्विच वरखाली करून एकेक शब्द आत घालत असे. तसे 17 शब्द. आपण ते ‘डिपॉझिट’ या आज्ञेने घालू. पत्ता 7756, शब्द 6014. आकडे अष्टमान पद्धतीतले. पुढचा पत्ता 7757, शब्द 6011. त्यापुढे 7760, शब्द 5357.

या तीन शब्दांपाशी हवा तितका वेळ घ्या. पहिला फीत वाचणाऱ्या साधनाला सांगतो, एक ओळ वाच. दुसरा विचारतो, आली का? आली असेल तर तिसरा शब्द ओलांडून पुढे. नसेल आली, तर तिसरा मागे पाठवतो आणि पुन्हा तोच प्रश्न, आली का? यंत्राला आपण सर्वांत आधी वाट पाहणं शिकवलं. उरलेले शब्द आलेले बिट सरकवतात, जुळवतात, योग्य पत्त्यावर ठेवतात.

हा झाला रिम लोडर. आता बिन लोडरची फीत जोडा, 7756 पासून चालवा. रिमला फीत संपल्याचं कळत नाही, तो विचारतच राहतो. कंट्रोल आणि ई दाबून त्याला तुम्हीच थांबवायचं. बिन मात्र शहाणा आहे. तो फितीचा शेवट ओळखतो, वाचलेल्याची बेरीज ताडून पाहतो आणि स्वतः थांबतो. बेरीज जुळली असेल तर अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राच्या हिशेबाच्या जागेत, शून्य दिसतं. पुढे त्याने कम्पायलरची फीत वाचली की त्या शून्याकडे नीट बघा. वाचलेलं बरोबर आहे, याची ग्वाही यंत्र तिथे पहिल्यांदा देईल.

खऱ्या यंत्रात मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या. वीज गेली तरी त्यांचं चुंबकत्व टिकतं, म्हणून एकदा घातलेला लोडर पुन्हा घालावा लागत नसे. मेमरीचं शेवटचं पान लोडरसाठी सोडायचं, हा रिवाज बहुतेक प्रोग्राम पाळत. तुमच्यापुढे कड्या नाहीत. त्याच कंपनीत काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी 1993 मध्ये हाती घेतलेल्या कामातून आलेली ही नक्कल आहे. ती बंद केली की घातलेलं सगळं जातं. म्हणून आता ‘सेव्ह’ करा.

मग बिनकडून कम्पायलरची फीत वाचून घ्या. खऱ्या यंत्रासोबतच्या टेलिटाइप या टंकयंत्राचा रीडर सेकंदाला दहा ओळी वाचायचा, एका शब्दाला दोन ओळी. सगळी मेमरी भरायची तर जवळजवळ 14 मिनिटं. तुमच्याकडे ते क्षणात होईल. तरी ती 14 मिनिटं, फितीच्या खडखडाटासह, एकदा कल्पनेत घालवून पाहा.

0200 या पत्त्यापासून कम्पायलर चालू होतो. तुमच्या प्रोग्रामची फीत वाचतो आणि एक नवी फीत काढून देतो. तिथे त्याचं काम संपलं. ती नवी फीत चालवणारी प्रणाली आणि कम्पायलर, दोघं एका वेळी 4096 शब्दांत राहू शकत नाहीत. प्रणाली येते आणि कम्पायलर पुसला जातो. स्लॅब धरला की सेंटरिंग काढतात, तसं.

आता छोटंसं काही चालवा. 1 ते 63 ची बेरीज. 2016 येईल. 64 पर्यंत गेलात तर 2080 व्हायला हवेत, पण या फोरट्रानचा पूर्णांक 2047 च्या पुढे जात नाही. बेरजेच्या चलाचं नाव ‘आय’ अक्षराने सुरू होतंय म्हणून तो पूर्णांक आहे. ‘एस’ने सुरू होणारं नाव द्या, म्हणजे तो अपूर्णांकांसह मोठ्या संख्याही धरील. नवी फीत काढायला कम्पायलर पुन्हा चढवावा लागेल. लोडर अजून जागेवर आहे.