ताबोचं माळवद

स्पितीतल्या ताबो गोम्पाचं जुनं सभागृह पाहून निनाद आणि त्याची आत्या बाहेर उन्हात बसले होते. आत फोटो काढू देत नाहीत. अंधारात डोळ्यांना दिसेल तेवढंच आपलं.

निनाद : चित्रांवरून उतरलेले ओघळ बघितलेस? इथे पाऊस नावालाच, म्हणून मातीचं छत चाललं. आता पाऊस वाढलाय.

आत्या : सोलापूरकडच्या आपल्या माळवदासारखंच आहे. गळायला लागलं की वर माती टाकायची.

निनाद : पण बुद्धच म्हणतो ना, सगळं अनित्य आहे? मग एवढी धडपड कशाला?

आत्या : अनित्य हे स्वतःच्या आसक्तीला सांगायचं, दुसऱ्याच्या घराचं छप्पर गळताना नाही. आणि बघ, गुगेचा राजा येशे ओ यानं ९९६ साली हा विहार बांधला. त्याच्याच वंशातल्या जांगछुब ओनं ४६ वर्षांत, १०४२ला, जीर्णोद्धार केला. भिक्षूंना अनित्यता ठाऊक नव्हती?

निनाद : म्हणजे जपायचंच. पुरातत्त्व खात्यानं चित्रांना हात लावू दिला नाही, तेच बरं.

आत्या : थांब. सभागृहातली तुला आवडलेली चित्रं कुठली? १०४२च्या त्या जीर्णोद्धारातली. ९९६ची मुख्यतः प्रवेशदालनात उरलीत. तेव्हा पुरातत्त्व खातं असतं, तर तुझी आवडती चित्रं झालीच नसती.

निनाद : (जरा चिडून) तेव्हाचा हात आज कुणाचा आहे? तिथे काश्मिरी परंपरेतले चित्रकार होते. आज कुणी ऑइलपेंट फासला तर?

आत्या : ती भीती खरी आहे. अजिंठ्यात १९२०च्या सुमारास निजामानं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. तज्ज्ञांच्याही हातून बिघडतं. पण अजिंठा ओस पडला होता, तिथे विचारायला कुणी नव्हतं. इथे लामा आहेत, गाव आहे. १९७५च्या भूकंपानंतर त्यांनी शेजारी नवं सभागृह उभारलं. जुन्याचं काय करायचं, यात त्यांचा शब्द तुझ्यामाझ्या आधी.

निनाद : आणि त्यांनी ‘नव्यानं रंगवू’ म्हटलं तर?

आत्या : मला वाईट वाटेल. पण मी चार दिवसांची पाहुणी. माझं वाईट वाटणं हा त्यांच्यावर हक्क नव्हे.

निनाद : पटत नाही. ही चित्रं फक्त गावाची नाहीत.

आत्या : तर मग खर्चही फक्त गावाचा नको. रंगवण्याचं राहू दे, छपराचं बोल. पत्रा टाकू देशील?

निनाद : छे! मातीच, पण जाड थर.

आत्या : जाड थर म्हणजे वजन. खाली कच्च्या विटांच्या भिंती, आणि मुलूख भूकंपाचा.

निनाद : मग?

आत्या : मग आधी कुणा अभियंत्याला विचार. त्याच्याआधी इथल्या लामांना.