तोंड मिटून हस

नणंदेच्या मुलीचा बायोडाटा करायचा होता. फोटो मीच काढत होते. तीन-चारदा म्हटलं, "अगं, तोंड मिटून हस ना." पोरीनं ओठ आवळून धरले, हनुवटीवर सुरकुत्या आल्या आणि हसू तेवढं निघून गेलं. तोच फोटो आम्ही पाठवला. समोरून निरोप आला, "लड़की अच्छी है, बस दाँत..." त्या 'बस'वरून घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

मग डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, दोष दातांचा नाही, जबड्याचा आहे. वरचा जबडा मागच्या बाजूनं जास्त खाली वाढलेला. त्यामुळे दाढा आधी टेकतात आणि पुढचे दात एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. ओठही सहज मिटत नाहीत. म्हणजे मी तिला जे करायला सांगत होते, ते तिला जमण्यासारखंच नव्हतं! मला तिथंच मान खाली घालावीशी वाटली.

उपाय होता शस्त्रक्रियेचा. आधी साधारण वर्ष-दीड वर्ष दातांना तारा. मग पूर्ण भूल देऊन, ओठाच्या आतून छेद घेऊन, दातांच्या मुळांच्या वर हाड कापायचं, जबडा योग्य जागी बसवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी पक्का करायचा. १९०१ साली रने ल फोर या फ्रेंच सर्जननं मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात ते शोधलं. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेचंच नाव या शस्त्रक्रियेला आहे. नंतर काही आठवडे पातळ अन्न. ओठ-हिरड्या बधिर होतात. बहुतेकांची जाणीव परत येते, काहींची पूर्ण येत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "देहाचा आकार नामकर्मानं मिळतो. त्यात ढवळाढवळ कशाला?" मी म्हटलं, "आई, मोतीबिंदूही कर्मानंच आला होता, तुम्ही काढून घेतलात ना?" त्या हसल्या. पण मी स्वतः काही सुटले नाही. दिसण्यासाठी, बोलून चालून लग्नासाठी, मुलीचं हाड कापायचं, ही कसली अहिंसा? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा सांगितली आहे : देहाची घृणा न करता गुणांवर प्रेम करणं. मग इलाज बघणाऱ्याच्या नजरेचा करायचा, की जिच्याकडे बघतात तिचा?

त्या रविवारी आम्ही दोघी किल्ल्यावर उरवाईच्या मूर्तींकडे गेलो. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेल्या या मूर्ती. १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला आणि त्यानं त्या फोडायला लावल्या, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पुढे समाजानं काहींचे चेहरे चुना-गिलाव्यानं पुन्हा घडवले. काही तसेच राहिले. आपण दोन्हींपुढे सारखेच हात जोडतो. दुरुस्त केला म्हणून पूज्य झाला, असं नाही. तुटका राहिला म्हणून पूज्यता गेली, असंही नाही. ज्यांनी गिलावा लावला त्यांना पापी म्हणायचं कारण नाही.

तिथं पायरीवर बसून मी तिला विचारलं, "तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

ती म्हणाली, "मामी, मला पोळीचा घास दातांनी तोडता येत नाही. चारचौघांत मी जेवायचं टाळते. मला ऑपरेशन करायचंय. पण बायोडाटा तोवर मागे घ्या. त्या लोकांसाठी केलं असं मला आयुष्यभर वाटायला नको."

माझा गुंता तिथं सुटला. तीच शस्त्रक्रिया, तेच डॉक्टर, तेवढाच खर्च. पण दुसऱ्याच्या नाकं मुरडण्यापायी केली तर ती मुलीवरची हिंसा, आणि तिच्या स्वतःच्या घासासाठी केली तर उपचार. धोके तिनं समजून घेतले आणि होकार तिनंच दिला. बायोडाटा आम्ही मागे घेतला.

आता तारा बसल्या आहेत. ऑपरेशनला अजून वेळ आहे. क्षमावाणीला सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हणून झालं, तेव्हा तिला बाजूला घेतलं आणि त्या फोटोसाठी वेगळी क्षमा मागितली. ती हसली, तारांसकट, तोंड उघडं ठेवून. सासूबाईंना मात्र आता वेगळीच काळजी लागलीय : सूर्यास्ताच्या आत पोटभर पातळ किती वेळा देता येईल! मुगाचं कढण, भाताची पेज, यादी त्यांनीच केलीय.

मैत्रिणींनो, घरातल्या मुलीचा फोटो काढताना आपण तिला काय काय मिटायला सांगतो, ते एकदा आठवून बघा.