शिक्षेआधी विचारपूस

शिस्त हवी की नको, याबद्दल आपल्या घरांत कधीच दुमत नव्हते. मतभेद होतो तो त्याच्या पुढच्या प्रश्नावर. एखाद्या विद्यार्थ्याने नियम मोडला आणि तो मोडलेला चारचौघांनी पाहिला, तर शिक्षा देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, की तो नुसता वेळेचा अपव्यय आहे? आपल्यातील पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात, "चूक ती चूक. त्यात ऐकायचे काय?" तरुण मंडळी म्हणतात, "आमचे कोणी ऐकतच नाही." या दोन बोलण्यांच्या मध्ये खरे काय आहे, त्याचा थोडा विचार आज करू या.

सुक्कोथचा सण आटोपला की इस्राएलमधील विद्यापीठांचे वर्ष सुरू होते. आपली मुले-नातवंडे नाव नोंदवतात, फी भरतात आणि त्याच वेळी एका नियमावलीला मान्यता देतात. हिला इकडे 'ताकानोन' म्हणतात. ती कोणी वाचत नाही. परीक्षेत कॉपी करणे, दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देणे, खोटा दाखला जोडणे, शिक्षकांचा किंवा सोबत्याचा अपमान करणे, संस्थेच्या मालमत्तेची नासधूस करणे, असे अपराध तिच्यात दिलेले असतात. ताकिदीपासून परीक्षा रद्द होण्यापर्यंत आणि काही काळ निलंबनापासून कायमचे नाव काढून टाकण्यापर्यंत शिक्षाही दिलेल्या असतात. मुलाच्या नावाने 'वआदत मिश्माअत'चे, म्हणजे शिस्त समितीचे पत्र घरी आले, की मग ती नियमावली शोधली जाते. तोवर घरात रडारड झालेली असते.

मी जन्मभर नर्सचे काम केले. आमच्या धंद्यात शिस्तीला फार जुना मान आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली सुरू झाली, तेव्हा शिकाऊ नर्सच्या वागणुकीचा तक्ता दरमहा भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता आणि नीटनेटकेपणा अशी त्यात सदरे होती. मुलीला औषधांची माहिती किती आहे याच्या जोडीला ती विश्वासू आहे का, हेही तपासले जाई. हे योग्यच होते. रोग्याला रात्री दोन वाजता औषध दिले की नाही, हे पाहायला दुसरे कोणी नसते. नर्सने कागदावर लिहिले तेच खरे धरावे लागते. तेव्हा मी शिस्तीच्या विरुद्ध लिहिते आहे, असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये.

मुंबईत मी शिकत होते ती वर्षे सत्तरच्या दशकाच्या अखेरची. आमच्या होस्टेलचे फाटक रविवारी रात्री नऊला बंद होई. उशीर झाला की वहीत नाव लागे आणि तीनदा नाव लागले की मेट्रनसमोर उभे राहावे लागे. कोकणातून आलेली एक मुलगी आमच्यात होती. अभ्यासात हुशार, हाताने हलकी. इंजेक्शन तिनेच द्यावे म्हणून रोगी हट्ट धरीत. ती लागोपाठ तीन रविवारी उशिरा आली. मेट्रनबाईंनी वही पाहिली, नियम पाहिला आणि आठवड्याच्या आत तिला घरी पाठवले. तू जातेस कुठे, असे तिला कोणी विचारले नाही. पुढे तिच्या खोलीतल्या मुलीकडून आम्हाला कळले की तिच्या वडिलांना क्षय झाला होता. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात होते, आणि क्षयाचे नाव काढले तर आपल्यालाच वॉर्डातून काढतील या भीतीने ती गप्प राहिली होती.

नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. शंभर तरुण मुलींच्या होस्टेलला फाटक हवेच. तिने नियम मोडला, हेही खरे. परंतु मेट्रनबाईंच्या हाती सत्याचा अर्धाच भाग होता आणि उरलेला अर्धा मिळवायला एक प्रश्न पुरला असता. तो विचारला असता तर कदाचित त्यांनी तिला रविवारचा वेगळा पास दिला असता. कदाचित दिला नसताही. पण तो निर्णय माहिती घेऊन झाला असता. जे झाले त्यात एका इस्पितळाने एक चांगली नर्स गमावली, आणि आम्ही उरलेल्या मुली एकच धडा शिकलो, तो म्हणजे अडचण आली तर लपवावी.

विचारपूस करून मगच शिक्षा द्यावी, हे मत आजकालच्या लाडावलेल्या मुलांनी काढलेले नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १७१८ साली रिचर्ड बेंटली या नामांकित पंडिताच्या पदव्या काढून घेतल्या. बेंटली हे ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते आणि स्वभावाने अत्यंत भांडखोर होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल फारशी सहानुभूती कोणाला नव्हती. तरीही १७२३ साली न्यायालयाने विद्यापीठाच्या विरुद्ध निकाल दिला, कारण विद्यापीठाने त्यांचे म्हणणे न ऐकताच शिक्षा केली होती. त्या खटल्यात न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी आपल्या तोरातील पहिल्याच गोष्टीचा दाखला दिला. गन एदेनमध्ये आदामाने फळ खाल्ले, तेव्हा त्यालाही बोलावून उत्तर देण्याची संधी मिळाली आणि मग शिक्षा झाली, असे ते म्हणाले.

वाचकहो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण तिच्यातील हा मुद्दा सहसा आपल्या लक्षात येत नाही. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला विचारण्याची गरज नव्हती. तरी त्याने आधी आदामाला विचारले, मग हव्वेला विचारले. उत्तरे ऐकून शिक्षा टळली नाही. दोघांनाही बागेबाहेर जावे लागले. म्हणजे ऐकून घेणे आणि माफ करणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. 'ऐकायचे काय' म्हणणाऱ्या मंडळींचा घोटाळा येथेच होतो. ऐकले म्हणजे सोडावे लागेल, असे त्यांना वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९६० सालच्या फेब्रुवारीत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात जाऊन बसले. तेथे फक्त गोऱ्यांना वाढले जाई. हे विद्यार्थी अलाबामा स्टेट कॉलेजचे होते. कॉलेजने त्यांच्यातील काहींची नावे काढून टाकली. सुनावणी झाली नाही आणि पाठवलेल्या पत्रांत नेमका अपराध कोणता, हेही सांगितलेले नव्हते. डिक्सन नावाच्या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी दाद मागितली. १९६१ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने ठरवले की सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजने विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी आरोप कळवला पाहिजे आणि उत्तर देण्याची संधी दिली पाहिजे. तोपर्यंत पुष्कळ कॉलेजे असे मानीत की आपण आईबापांच्या जागी आहोत, आणि आईबापांना मुलाला कारण सांगावे लागत नाही.

इस्राएलमध्ये तर आईबापांच्या जागी असल्याचा दावा मुळीच टिकत नाही. येथील विद्यार्थी बहुधा सैन्यातील सेवा संपवून विद्यापीठात येतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, ज्याने रात्रीचे पहारे केले, हाताखालची माणसे सांभाळली, त्याला लहान मूल समजून कसे चालेल? २००७ साली क्नेसेतने विद्यार्थ्यांच्या हक्कांचा कायदा संमत केला. त्यानुसार संस्थेने शिस्तीचे नियम ठरवून ते सर्वांना उपलब्ध ठेवले पाहिजेत, शिस्तीच्या चौकशीत विद्यार्थ्याला आपली बाजू मांडता आली पाहिजे, निर्णय घेणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असला पाहिजे आणि निकालावर अपीलाची सोय असली पाहिजे. आमच्या होस्टेलमध्ये यातील एखादी गोष्ट जरी असती तरी ती कोकणातील मुलगी नर्स झाली असती, असे मला वाटते.

आता यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी माझ्याच धंद्यातून घेते. समजा, नर्सिंगच्या विद्यार्थिनीने औषधांच्या मात्रेच्या परीक्षेत कॉपी केली आणि पर्यवेक्षकाने तिला पुरव्यासह पकडले. उद्या हीच मुलगी लहान बाळाला देण्याचे औषध मोजणार आहे. तिच्या घरी काय अडचण होती, हे ऐकून रोग्याचा काय फायदा? आक्षेप वजनदार आहे. अशा मुलीला कडक शिक्षा व्हावी, असेच माझे मत आहे, आणि पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय तिला वॉर्डात पाऊल टाकू देऊ नये. परंतु पुरावा डोळ्यांसमोर असतानाही विचारपूस का करावी, याचे उत्तर मला इकडच्या एका वॉर्डात मिळाले.

एका शिकाऊ मुलीने एका रोग्याची गोळी दुसऱ्याला दिली आणि स्वतः येऊन सांगितले. डॉक्टरांना बोलावले, रोग्यावर रात्रभर नजर ठेवली, सुदैवाने काही झाले नाही. चूक कबूल होती, पुरावा होता, सर्व स्पष्ट होते. तरीही प्रमुख नर्सने तिला समोर बसवून विचारले, "कार्ड कुठे वाचलेस? त्या वेळी मध्ये कोणी हाक मारली का? कोणत्या बाजूने खाटेपाशी गेलीस?" तेव्हा निघाले की एकाच आडनावाचे दोन रोगी शेजारी-शेजारी झोपवले होते. मुलीला लेखी ताकीद मिळाली, औषधे देण्याचे काम काही आठवडे दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली करावे लागले, आणि त्याच दिवशी एका रोग्याची खाट हलवली गेली. न विचारता तिला घालवले असते, तर खाटा तशाच राहिल्या असत्या आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या मुलीकडून तेच झाले असते.

विद्यापीठालाही हेच लागू आहे. एकाच वर्गातील वीस मुले कॉपी करताना सापडली, तर त्या वीसांना शिक्षा द्यावीच. पण त्यांना विचारल्यावाचून कसे कळणार की प्रश्नपत्रिका बाहेर कोणी विकली, की त्या विषयाचे शिक्षक वर्षभर आलेच नाहीत? आणखी एक गोष्ट आहे. ज्याचे ऐकून घेतले, तो शिक्षा सोसतो आणि पुष्कळदा सुधारतो. ज्याला न ऐकता हाकलले, तो स्वतःचा अपराध विसरतो आणि जन्मभर आपल्यावरचा अन्यायच आठवत राहतो.

आपल्या माणसाबद्दल हे पटते, पण परक्याबद्दल पटणे कठीण जाते. २०२३ सालच्या ७ ऑक्टोबरनंतर येथील विद्यापीठांत व कॉलेजांत अनेक विद्यार्थ्यांवर, मुख्यतः अरब विद्यार्थ्यांवर, सोशल मीडियावर लिहिलेल्या मजकुरावरून शिस्तीची कारवाई झाली. काही ठिकाणी सुनावणीच्या आधीच निलंबन झाले. ते दिवस कसे होते, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या घराघरांतून मुले राखीव सैन्यात गेली होती. ज्याने त्या कत्तलीचा आनंद मानला, त्याला शिक्षा झाली तर मला दुःख नाही. परंतु कोणी आनंद मानला आणि कोणी केवळ प्रार्थनेची ओळ लिहिली, हे विचारल्यावाचून ठरवता येत नाही. राग जेव्हा सर्वांत मोठा असतो, तेव्हाच हा नियम सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

बेने इस्राएल समाजाला हे परक्यांनी शिकवण्याची जरूर नाही. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या लग्नांसाठी मागच्या पिढ्यांच्या चौकशीचे नियम काढले. प्रत्येक कुटुंब आधी संशयित ठरले. आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमला जाऊन ठिय्या दिला आणि १९६४ साली क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, असे जाहीर केले. संशय आधी आणि प्रश्न नंतर, यात माणसाला काय वाटते, हे ज्या समाजाने सोसले आहे त्याने 'ऐकायचे काय' हे शब्द तोंडातून काढू नयेत.

शेवटी घरातील मंडळींना दोन शब्द. मुलाला समितीचे पत्र आले, तर लोक काय म्हणतील म्हणून ते दडवू नका, आणि कोणाची 'प्रोटेक्सिया' लावायला धावू नका. पहिल्या पिढीतील आपल्या पुष्कळ आईबापांना हिब्रू पत्र वाचताही येत नसे. आज घरात वाचणारे कोणी तरी असतेच. पत्र मुलाबरोबर बसून वाचा. आरोप काय, तारीख कोणती, अपीलाची मुदत किती, ते पाहा. विद्यार्थी संघटनेकडे मदत मागायला सांगा. मग त्याला एकदाच, न ओरडता विचारा की खरे काय झाले. त्याने समितीपुढे खरे तेच बोलावे, कारण आपले ऐकून घ्या म्हणणाऱ्यावर खरे बोलण्याची जबाबदारी येते. शिक्षा झाली तर ती त्याने पुरी करावी. ती पुरी करून तो घरी आला, की त्याच्यासाठी जेवणाचे ताट नेहमीच्या जागी मांडलेले असू द्या.