सूर्य मावळण्यापूर्वी



एलूल महिना लागला की पहाटेच्या सेलिहोथबरोबर 'की तेत्से' हा पराशाही जवळ येतो. या एका पराशात ७४ आज्ञा आहेत असे आपल्या हाखामांनी मोजून ठेवले आहे. लढाईचे नियम आहेत, पक्ष्याच्या घरट्याचे आहेत, घराच्या गच्चीला कठडा बांधण्याचेही आहेत. या गर्दीत, देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात, मोशे रबेनू एका अगदी साध्या माणसाची आठवण करून देतात. तो माणूस म्हणजे रोजंदारीचा मजूर. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा सारा जीव त्या मजुरीत गुंतलेला आहे. तो आपल्या भावांपैकी असो की आपल्या गावात राहणारा परका असो, आज्ञा एकच आहे. न दिल्यास तो परमेश्वराकडे ओरडेल आणि त्याचे पाप आपल्या माथी बसेल.

वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायातही हीच आज्ञा आहे, पण तेथे मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे मुक्कामाला ठेवू नये असे शब्द येतात. मग सूर्यास्त खरा की सकाळ खरी? मिश्नाने हा पेच सोपा करून सोडविला. दिवसा राबणाऱ्याला रात्रभर मागण्याचा हक्क आहे आणि रात्री राबणाऱ्याला दुसरा दिवसभर. म्हणजे मालकाला काय ती एका रात्रीची किंवा एका दिवसाची सवलत आहे. एक महिना नाही, तीन महिने तर नाहीच.

तालमूदच्या बावा मेसिया या भागात हाखाम विचारतात की मजूर उंच शिडीवर का चढला? झाडाला का लटकला? पडून मरण्याचा धोका त्याने का पत्करला? मजुरीसाठीच ना! म्हणून जो ती अडवून धरतो तो त्याचा प्राणच अडवून धरतो. आपले कोकणातले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अशा घरांतून आलेल्या आपल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आता कोणी विचारील की हा पराशा दरवर्षी वाचला जातो, मग यंदाच यावर प्रवचन कशाला? कारण आम्ही ब्राउनश्वाइगला राहतो, आणि या शहराला काम जाणे म्हणजे काय ते चांगले माहीत आहे. एके काळी कॅमेऱ्यांसाठी या गावाचे नाव जगभर होते. फोइग्टलेंडरचा कारखाना सत्तरीच्या आरंभी बंद झाला, १९८१ साली रोलाय दिवाळ्यात निघाली. शेजारच्या वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागनवर हा सारा मुलूख पोट भरतो, आणि त्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीत ३५,००० हून अधिक जागा कमी करण्याचा करार केला. मोठा वृक्ष हलला की त्याच्या आसऱ्याची पाखरे आधी उडतात. लहान लहान सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांची गत तशीच असते, आणि आपली भारतातून व इस्राएलातून आलेली तरुण मंडळी पुष्कळदा अशाच ठिकाणी कामाला असतात.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. मूळचे ठाण्याचे, नवरा-बायको आणि दोन मुले. पाच वर्षे इमानाने काम केल्यावर गृहस्थांचा विभाग बंद झाला. त्यांनी नियमाप्रमाणे पहिल्याच दिवशी नाव नोंदविले, अर्ज भरला आणि वाट पाहू लागले. जुन्या मालकाने द्यावयाचा नोकरीचा व पगाराचा दाखला आठवड्यामागून आठवडे येईना. कचेरीकडून पत्र येई की अमुक कागद पाठवा. तो पाठवावा तर तमुक कागदाचे पत्र येई. घरभाडे मात्र पहिल्या आठवड्यात न चुकता कापले जाई. हे गृहस्थ दर शब्बाथला इस्त्रीचा सदरा घालून येत आणि किद्दुशला सर्वांशी हसून बोलत. कोणाला काही कळले नाही. कळले ते असे, की मुलासाठी बोललेला मलिदा त्यांनी दोनदा पुढे ढकलला. पोहे, खोबरे, खजूर आणि पाच फळे यांचा खर्च तो केवढा? पण एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडावयाचे तर दहा माणसे घरी येणार, आणि तेवढेही जमेना. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, आमच्या घराण्यात आजवर कोणी सरकारचे पैसे खाल्ले नाहीत. दोनदा पत्र लिहिले, आता तिसऱ्यांदा कसे मागू?"

या 'कसे मागू' वर आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

शास्त्रार्थाने पाहता बेकारीचा भत्ता म्हणजे मजुरी नव्हे, हे आम्ही जाणतो. हलाखा सांगणे हाखामांचे काम आहे, आम्ही शाळामास्तर. पण हा भत्ता कशातून येतो ते पाहावे. जर्मनीत बेकारीच्या विम्याचा कायदा जुलै १९२७ मध्ये झाला. तेव्हापासून मजुराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते व तितकीच मालक भरतो. २०२३ पासून ती दोन्ही मिळून पगाराच्या २.६ टक्के आहे. साधारणपणे मागील तीस महिन्यांत बारा महिने ज्याने वर्गणी भरली त्याला निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के मिळतात. तेव्हा हे सरकारचे पैसे खाणे कसे? स्वतःच्या मजुरीतला घास काढून ठेवला, तोच परत मागावयाचा आहे. लाज वाटावयाची तर ती अडवून धरणाऱ्याला वाटावी.

तरीपण न्यायाने बोलावयाचे तर कचेरीतल्या माणसाचीही बाजू आहे. तो दुसऱ्यांचे पैसे सांभाळतो. आपल्या मिश्नातही धर्मादायाची पेटी, म्हणजे कुप्पा, दोघांनी गोळा करावी आणि तिघांनी वाटावी असे सांगितले आहे. वाटप हे न्यायदानासारखे असल्याने बेथ-दीनप्रमाणे तिघे हवेत. चौकशी करणे म्हणजे दुष्टपणा नव्हे. परंतु तालमूदमध्ये येथेच एक मोठा नाजूक भेद केला आहे, आणि रामबामने तो कायद्यात घातला. अनोळखी माणूस येऊन म्हणाला की मला कपडे द्या, तर चौकशी करावी, तो फसवीत नाही ना ते पाहावे. पण तो म्हणाला की मी भुकेला आहे, तर चौकशी न करता आधी जेवू घालावे. कपड्याला चार दिवस थांबता येते, पोटाला येत नाही.

आम्हांस नवल वाटते ते हे, की या देशाच्या कायद्यातही तोच भेद सापडतो. १९७६ साली अमलात आलेल्या सामाजिक कायद्याच्या पहिल्या भागात बेचाळीसावे कलम आहे. हक्क मुळात आहे, पण रक्कम किती ते ठरविण्यास वेळ लागणार आहे, अशा वेळी कचेरी आगाऊ रक्कम, म्हणजे 'फोरशुस', देऊ शकते. आणि अर्जदाराने तशी मागणी केली तर ती द्यावीच लागते, मागणी पोचल्यापासून फार तर एका कॅलेंडर महिन्यात. हिशेब मागाहून होतो, जास्त दिले गेले असल्यास परत द्यावे लागते. आधी जेवू घाला, मग तपासा, असाच याचा अर्थ.

पण मागणी केली तर! या 'तर' मध्येच सारे आहे. हाखामांनीही असेच म्हटले आहे. मजुराने मजुरी मागितली नाही तर सूर्य मावळल्याचे पाप मालकाला लागत नाही. आम्हांस पूर्वी हा नियम मालकाच्या बाजूचा वाटे. आता वाटते की हाखामांनी मजुराच्या हाती एक किल्ली दिली आहे. त्याने तोंड उघडले की आज्ञेला जोर येतो, मिटले की ती निजून राहते. वर सांगितलेल्या गृहस्थांना आम्ही तीन ओळींचे पत्र लिहून दिले, त्यात कलमाचा आकडा घातला आणि पोच घेतली. सर्व रक्कम आली नाही, पण भाड्यापुरती आगाऊ रक्कम आली. तीच तीन ओळी दोन महिन्यांपूर्वी लिहिल्या असत्या तर वहिनींना सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या नसत्या.

आणखी काही गोष्टी सांगतो, कारण आपल्या मंडळींत याविषयी भलत्या समजुती आहेत. नोकरी सुटणार असे कळले की तीन महिने आधी, आणि तितका अवधी नसेल तर तीन दिवसांत, काम शोधत असल्याची नोंद करावी. उशीर केला तर एक आठवड्याचा भत्ता बुडतो. बेकारीची नोंद मात्र वेगळी करावी लागते, आणि पैसे साधारणपणे त्या नोंदीच्या दिवसापासूनच धरले जातात. कागद मागाहून गेले तर चालते, नोंद मागाहून चालत नाही. सबळ कारणाशिवाय स्वतः होऊन राजीनामा दिला तर सहसा बारा आठवडे हात बांधलेले राहतात, म्हणून मालकाने गोड बोलून पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नये. सहा महिन्यांत अर्जाचा निकालच लागला नाही तर समाजन्यायालयात दाद मागता येते. ब्राउनश्वाइगला असे न्यायालय आहे आणि विमेदाराला तेथे कोर्टफी नाही. उशिरावर चार टक्के व्याजही आहे, पण पूर्ण अर्ज दिल्यापासून सहा महिने लोटल्यावर. त्या व्याजाच्या भरवशावर कोणाची चूल पेटेल असे वाटत नाही.

भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते की भत्ता मागितला तर राहण्याचा परवाना जाईल. वर्गणीवर मिळणारा भत्ता हा परवान्याच्या कायद्यात सरकारी मदत म्हणून धरलाच जात नाही. नोकरी सुटल्याचे परवान्याच्या कचेरीला कळवावे लागते, ती गोष्ट निराळी. जॉबसेंटरकडून मिळणाऱ्या उदरनिर्वाहाच्या मदतीचे नियमही निराळे आहेत, ते जाणत्या माणसाला विचारून मगच तिकडे जावे.

इस्राएलातल्या वाचकांना वाटेल की हे सारे जर्मनीचे झाले. तुमच्याकडे १९५८ च्या वेतन-संरक्षणाच्या कायद्यात उशिरा दिलेल्या पगाराला 'हालानत साखार' म्हणतात. हा शब्द सरळ वायिक्रातल्या त्या मुक्कामाच्या आज्ञेतून उचलला आहे. कचेरीत तो शब्द उच्चाराल तेव्हा तोराच बोलत आहात असे समजा. आणि ज्यांचे भाऊबंद महाराष्ट्रात आहेत त्यांना रोजगार हमी आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळातून ती उभी राहिली, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून कायदा अमलात आला, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता देण्याचे त्यात लिहिले. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानेही मजुरी पंधरवड्यात देण्याचे बंधन घातले होते. तरी गावोगावी मजूर बँकेच्या पायऱ्या झिजवीत बसलेले लोकांनी पाहिले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या कामगारांनी आपल्या देण्यासाठी किती वर्षे वाट पाहिली ते लालबाग-परळला राहिलेल्यांना विचारावे. कायदा लिहिला म्हणजे मजुरी पोचली असे होत नाही.

ताआनीत या भागात नाहूम ईश गमझूची गोष्ट आहे. सोसलेल्या सर्व दुःखांत 'हेही बऱ्यासाठी' म्हणणारा हा संत पुरुष. तो सासऱ्याकडे निघाला होता. बरोबर तीन गाढवे, एकावर अन्न, एकावर पेय, एकावर मेवा. वाटेत एका गरिबाने खायला मागितले. नाहूम म्हणाला, थांब, गाढवावरून ओझे उतरवितो. तो ओझे उतरवीत होता तोवर तो गरीब मेला. नाहूमने नाही म्हटले नव्हते. त्याच्याकडे अन्न होते, देण्याची इच्छा होती, हात कामालाही लागले होते. उशीर तेवढा झाला. आणि त्या उशिराबद्दल त्याने स्वतःच्या डोळ्यांना, हातांना, पायांना शाप घेतला.

म्हणून कचेरीला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. कुप्पा दर आठवड्याला, शुक्रवारी वाटली जाई, शब्बाथच्या आत. महिनाअखेरीची ती वाट पाहत नसे. येथून दक्षिणेला, हार्त्सच्या पायथ्याशी झेसेन गाव आहे. तेथे ब्राउनश्वाइगच्या दरबाराचा सावकार इस्राएल याकोबसन याने १८०१ साली गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि त्यांना हातचे धंदेही शिकविण्याची सोय केली. उपासनेतल्या त्याच्या सुधारणा आपल्या मंडळींना पटोत न पटोत, सेदाकाच्या आठ पायऱ्यांत रामबामने सर्वांत वरची कोणती सांगितली ते त्याला ठाऊक होते. माणूस पडण्याआधी त्याला हात देणे, कर्ज देऊन, भागीदारी देऊन किंवा काम देऊन. श्टाइनश्ट्रासेच्या सिनेगॉगमध्ये, जे २००६ साली पुन्हा उभे राहिले, किद्दुशला निम्म्याहून अधिक बोलणे रशियनमध्ये चालते. १९९१ नंतर आलेले ते लोक. त्यांत इंजिनियर होते, डॉक्टर होते, आणि पुष्कळांच्या पदव्यांना येथे किंमत मिळाली नाही. त्यांच्यातल्या आजीबाईंना कचेरीचा कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा हे तोंडपाठ आहे. आपल्या तरुणांनी त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

ज्याचा भत्ता मंजूर आहे पण अडला आहे, त्याला देण्यात बुडण्याचे भय फारसे नाही. दान म्हणून दिले तर तो घेणार नाही. उसने म्हणून द्यावे, व्याज न लावता, दोन साक्षीदारांसमोर लिहून, आणि थकबाकी आली की त्याने परत करावे. मलिदा पुढे ढकलल्याचे कानावर आले तर कारण विचारावे, पण पंक्तीत नव्हे, दारात बोलावून.

आणि ज्यांच्या घरी नकाराचे पत्र आले असेल त्यांनी त्यावरची तारीख आजच पाहून ठेवावी. हरकत घेण्यास पत्र मिळाल्यापासून एक महिना असतो, आणि रोश हश्शानापासून सिमहात तोरापर्यंतचे सर्व दिवस त्यात मोजले जातात.