कृशतेला नाव देताना

देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी अभ्यासास बसणाऱ्या मुलांपैकी एकाने परवा आपली इंग्रजी निबंधाची वही आमच्यापुढे ठेवली. विषय ‘माझी आई’ हा होता. ‘माझी आई फार बारीक आहे’ असे मनात योजून त्याने ‘स्किनी’ हा शब्द लिहिला होता. शिक्षकांनी त्यावर तांबडी रेघ ओढून वर ‘स्लिम’ असे लिहिले होते. मुलाची शंका अशी की, पहिला शब्द आईचा अपमान करणारा असेल तर तो खोडला हे योग्यच. परंतु दुसरा तरी खरा आहे काय? चार घरची कामे करून आणि सर्वांच्या मागून उरेल तेवढेच पानात घेऊन जी वाळली, तिला ‘स्लिम’ कसे म्हणावे? ही शंका भाषेची दिसली तरी मुळात नीतीची आहे, असे आम्हांस वाटले. म्हणून तिचा थोडा विचार येथे करीत आहोत.

अंगावर मांस थोडे असणे ही वस्तुस्थिती एकच; परंतु इंग्रजीत तिला डझनभर तरी नावे आहेत, आणि प्रत्येक नाव बोलणाऱ्याच्या मनाचा रंग घेऊन येते. ‘थिन’ हा त्यांतला साधा व निर्विकार शब्द, आपल्या ‘बारीक’सारखा. ‘स्लेंडर’मध्ये शेलाट्या बांध्याचा डौल आहे. ‘स्लिम’मध्ये सडपातळपणाचे कौतुक आहे, आणि तो प्रयत्नाने राखला असावा अशी सूचनाही आहे. ‘लीन’ म्हणजे काटक, चरबी नसलेला पण कामाला कणखर. ‘लँकी’ म्हटले की लांब हातापायांचा, चालताना अवघडणारा उंच तरुण डोळ्यांपुढे येतो. ‘स्किनी’ शब्दाला हाडे आणि कातडी यांपलीकडे काही दिसतच नाही. आपला ‘हडकुळा’ त्याचा सख्खा भाऊ. ‘स्क्रॉनी’त मरतुकडेपणाचा तिरस्कार आहे. ‘गॉन्ट’मध्ये मात्र दुःखाने, आजाराने किंवा भुकेने खोल गेलेले डोळे आहेत, आणि ‘इमेशिएटेड’ हा वैद्याचा शब्द, तो खंगलेल्या देहाची नोंद करतो.

बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात विनोदाने दाखवून दिले होते की, व्याकरणात क्रियापद चालवावे तसा मनुष्य एकच गुण तिन्ही पुरुषांत चालवतो. स्वतःसाठी गौरवाचा शब्द, समोरच्यासाठी किंचित बोचरा आणि जो हजर नाही त्याच्यासाठी उघड निंदेचा. हाच न्याय येथे लावला तर मी सडपातळ, तुम्ही बारीक आणि तो हडकुळा! तिघांचे वजन एकच. बदलली ती केवळ मापणाऱ्याची दृष्टी.

ही दृष्टी काळानुसारही पालटते. ‘स्लिम’ हा शब्द सतराव्या शतकात डच भाषेतून इंग्रजीत आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ वाईट किंवा लबाड असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘श्लिम’ आजही ‘वाईट’ याच अर्थाने वावरतो. आज ज्या ‘लीन’ शरीराची स्तुती होते, त्याच शब्दाने बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत फॅरोच्या स्वप्नातील सात रोडक्या गाई आल्या, आणि त्यांचा अर्थ सात वर्षांचा दुष्काळ असा निघाला. शेक्सपिअरचा सीझर कॅशियसच्या रोडपणातच धोका पाहतो. उलट ‘थिन’ आणि आपला संस्कृत ‘तनु’ हे एकाच प्राचीन धातूपासून झालेले, म्हणजे नात्यातले शब्द. त्या धातूचा अर्थ ‘ताणणे’. संस्कृतात तनु म्हणजे बारीक, आणि तनु म्हणजे देहही! कालिदासाचा यक्ष ‘मेघदूता’त आपल्या पत्नीस ‘तन्वी’ म्हणून गौरवितो, आणि तीच विरहाने किती झिजली असेल या कल्पनेने पुढे व्याकुळही होतो. एकाच स्त्रीची कृशता एकदा सौंदर्य ठरली, एकदा शोक. कविकुलगुरूने दोहोंना एका नावाखाली झाकले नाही.

मग कठोर शब्द टाळून नेहमी गोड शब्दच योजावा काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे कोणास उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकारक असावे. आपण यांतील ‘प्रिय’ तेवढे उचलतो आणि ‘सत्य’ व ‘हित’ मागे ठेवतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकारने दुष्काळ-संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केला नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर पडलेल्या अस्थिपंजरांना सरकारी दप्तरात ‘आजारी निराधार’ असे सौम्य नाव मिळाले. त्या नावात कोणाचा अपमान नव्हता. पण भूकही नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट्समन’ पत्राने त्या देहांची छायाचित्रे छापली, तेव्हा कागदाने झाकलेले जगाला दिसले. हडकुळा म्हणून हिणवणे हे पाप खरे. परंतु उपाशी माणसाचा उपास शब्दाआड लपवणे हे त्याहून मोठे पाप होय.

याच्या उलट बाजूही पाहावी. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतील तपस्वी सिद्धार्थाची मूर्ती आहे. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी, पोट पाठीला लागलेले. दुष्काळात सापडलेल्या मनुष्याच्या देहात आणि या देहात डोळ्यांना फरक दिसणार नाही. परंतु एकाने अन्न सोडले, दुसऱ्याला अन्नाने सोडले. आपल्या घरांतून एकादशी-चतुर्थीचे उपास निष्ठेने होतात. पण व्रताच्या नावाखाली एखाद्या सुनेची किंवा आजीची नुसती उपासमार तर होत नाही ना, हे पाहण्याचे कष्ट आपण नेहमी घेतो काय? दोन्ही अवस्थांना एकच शब्द लावणारा मनुष्य डोळे असून आंधळा म्हटला पाहिजे.

आमचे मत असे की, शब्द मऊ की कठीण हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आपण कारण पाहिले काय, हा आहे. महाप्रसादाच्या पंक्तीत बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बाईंना “वा, किती सडपातळ झालात!” असे आम्हीच एकदा म्हणून बसलो होतो, आणि त्या मोठ्या दुखण्यातून उठल्या आहेत हे नंतर कळले. आमचा शब्द प्रिय होता, हेतूही वाईट नव्हता. केवळ त्यांच्याकडे नीट न पाहताच तो उच्चारला होता. त्या नुसत्या हसल्या. ते हसणे आम्हांस अद्याप बोचते.

त्या मुलास आम्ही सांगितले, “बाळ, दोन्ही शब्द खोड. ‘थिन’ लिही, आणि ती तशी का झाली तेही पुढे लिही.” त्याने तसे केले. एका विशेषणाच्या जागी दोन ओळी झाल्या. शिक्षक त्यांस किती गुण देतील ते देवोत. परंतु त्या दोन ओळी घरी मोठ्याने वाचल्या गेल्या आणि रात्री त्या माउलीच्या पानाकडे कोणाचे लक्ष गेले, तर इंग्रजीचा तो धडा सार्थकी लागला असे आम्ही समजू.